वाचकांचे प्रश्न : पोराला गोळी चालू करू का?

पत्र पहिलं (तासगाव तालुका)

ताई नमस्कार. माझा मुलगा ११ वर्षांचा आहे, ऑटिझम आहे, बोलत नाही, लहानपणी दोन-तीन शब्द होते तेही गेले. दिवाळीपासून सगळं फार वाढलंय. स्वतःचा हात चावतो, भिंतीवर डोकं आपटतो, कपाळावर टेंगूळ कायमचंच, आणि मागच्या महिन्यात सासूबाईंना ढकललं तर त्यांचं मनगट मोडलं. मिरजेला मानसोपचाराच्या डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी रिस्पेरिडोन लिहून दिलंय. चिठ्ठी तेव्हापासून फ्रीजवर पडून आहे. हे म्हणतात एवढ्याशा पोराला वेड्याच्या गोळ्या नकोत, सवय लागेल, जन्मभर खाव्या लागतील. सासूबाईंना एवढं लागलं तरी त्या पण म्हणतात पोराला गुंगीत ठेवू नका. मला सारखं वाटतं की मी माझ्या सुटकेसाठी त्याला औषध देणार का? आणि नाही दिलं तर एक दिवस डोळा फोडून घेईल ही भीती. काय करू?

उत्तर

ताई, तुमच्या पत्रातलं एक मी आधी धरते, दिवाळीपासून वाढलंय म्हणता ते. ज्या पोराला बोलता येत नाही त्याचं असं अचानक वाढलं की आधी कुठं दुखतंय का ते बघायचं, गोळीचं त्यानंतर. दाढ किडलीय का, कानातून पाणी येतंय का, तीन-चार दिवस संडासला होत नाही असं आहे का, जेवून आडवा झाला की जास्त करतो का (पित्तानं छातीत जळजळत असतं पण ते सांगणार कसं). आपल्या पोरांना दाताच्या डॉक्टरकडं खुर्चीत बसवायचं म्हणजे तीन-चार माणसं धरायला लागतात, म्हणून ते मागं मागं पडत जातं आणि इकडं दाढ ठणकत असते नि पोर भिंतीला डोकं मारत असतं. डोकं कुठल्या बाजूनं आपटतो, जेवणाआधी का नंतर, हे दोन-चार दिवस नुसतं बघा, बरंच कळतं. मधेच टक लावून थांबतो, हाक मारली तरी भानावर येत नाही, असं काही होत असेल तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण ऑटिझमच्या मुलांत फिट येण्याचं प्रमाण बाकीच्या मुलांपेक्षा बरंच जास्त असतं आणि वयात येताना पहिल्यांदा फिट येणारीही असतात. आणि दिवाळीपासून घरात, शाळेत काय काय बदललं तेही आठवा, फटाके, नवीन बाई, रिक्षावाले काका बदलले, काहीही असू शकतं.

हे सगळं बघून झालं आणि तरी तो स्वतःला फोडून घेतोय, तर माझं मत स्पष्ट आहे, गोळी चालू करा. माझा मुलगा आता मोठा झालाय, तोही बोलत नाही, आणि हेच औषध तो शाळेच्या वयापासून घेतोय. त्याच्या अंगठ्याच्या बुडाशी चावून चावून कातडी अशी जाड झाली होती की तिथं डास चावलेला पण दिसायचा नाही. मी गोळ्यांची जाहिरात करत नाहीये, मला ती जखम अजून डोळ्यांपुढं आहे म्हणून सांगतेय.

आता औषध कशाचं आहे ते घरात सगळ्यांनी नीट समजून घ्या, कारण भांडण बहुतेक तिथंच होतं. ऑटिझमवर औषध नाही. या गोळीनं तो बोलायला लागेल, डोळ्यात बघायला लागेल, असं कोणी सांगितलं तर ते खोटं आहे. ही गोळी चिडचिड, मारणं, स्वतःला इजा करणं, तासन्‌तास चालणारं रडणं-ओरडणं एवढ्यासाठी आहे. अमेरिकेत २००२ साली १०१ मुलांवर आठ आठवड्यांचा अभ्यास झाला, ५ ते १७ वयाची मुलं, काहींना रिस्पेरिडोन आणि काहींना तशीच दिसणारी औषध नसलेली गोळी. औषधवाल्यांत शंभरात ६९ मुलं ठळक सुधारली, दुसऱ्या गटात शंभरात १२. त्यानंतर २००६ मध्ये तिथल्या सरकारी यंत्रणेनं ५ ते १६ वर्षांच्या ऑटिस्टिक मुलांच्या चिडचिडीसाठी या औषधाला मान्यता दिली, आणि २००९ मध्ये ॲरिपिप्राझोल नावाच्या दुसऱ्या औषधाला, ६ ते १७ वयासाठी. म्हणजे डॉक्टरांनी काहीतरी उगाच लिहून दिलेलं नाहीये. मिस्टर म्हणतात तेही एका अर्थी बरोबर आहे, हे औषध स्किझोफ्रेनियात पण देतात. पण एकच औषध दोन-तीन आजारांत चालतं हे काही नवीन नाही, आणि त्यामुळं पोराला तो आजार होत नाही.

सवयीचं विचारलंत. दारू-तंबाखूची लागते तशी तलफ याची लागत नाही, तो गोळीसाठी हट्ट करणार नाही, उलट तुम्हालाच त्याच्या मागं फिरायला लागेल. मात्र एकदम बंद करायची नाही कधीच, हळूहळू उतरवायची असते, नाहीतर चिडचिड दुपटीनं उसळते, झोप उडते, हातापायांची विचित्र हालचाल सुरू होऊ शकते. आता जन्मभराचं. त्याच अभ्यासाचा पुढचा भाग २००५ ला आला. काही महिने ज्यांना चांगला फरक पडला होता अशा ३२ मुलांपैकी निम्म्यांचं औषध गुपचूप हळूहळू काढून घेतलं, तर त्या १६ मधल्या १० मुलांचा त्रास परत आला, आणि ज्यांचं चालू ठेवलं त्यांच्यात दोघांचाच. तुमच्या मिस्टरांना यातलं १० दिसेल, मला उरलेली ६ पण दिसतात. म्हणून सहा महिने-वर्ष नीट गेलं की डॉक्टरांना विचारायचंच, आता कमी करून बघायचं का. लग्नसराईत नाही, परीक्षेत नाही, घर बदलताना नाही, शांत महिना बघून.

वाईट बाजू पण तेवढीच स्पष्ट सांगते. भूक. ही भूक बघितल्याशिवाय कळत नाही, पोर जेवून उठतं आणि परत ताट घेऊन उभं राहतं, चपात्यांचा डबा लपवायला लागतो. त्या २००२ च्या अभ्यासात आठ आठवड्यांत औषधवाल्या मुलांचं वजन सरासरी २.७ किलो वाढलं, बाकीच्यांचं ०.८. म्हणून चालू करायच्या आधीच वजन, कमरेचं माप, उपाशीपोटी साखर आणि कोलेस्टेरॉल करून घ्या, तीन महिन्यांनी परत, आणि मग डॉक्टर सांगतील तसं. खाण्याचं म्हणाल तर गोळी चालू करायच्या दिवसापासूनच बिस्किट-फरसाण घरात आणायचं बंद करा, काकडी, गाजर, ताक, भाजलेले फुटाणे हाताशी ठेवा, भूक वाढल्यावर अडवणं फार अवघड जातं. सुरुवातीला पेंग येते, लाळ गळते, उशी ओली होते. वयात आलेल्या मुलाच्या छातीला गाठीसारखं, मुलीची पाळी चुकणं, हेही होऊ शकतं, लाजायचं नाही, सांगायचं.

दोन गोष्टी मात्र मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. मान किंवा जबडा अचानक वाकडा होऊन अडकला, किंवा जोराचा ताप आणि अंग लाकडासारखं ताठ झालं, तर दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही, लगेच दवाखाना गाठायचा. आणि दुसरं जे डॉक्टरसुद्धा कधी कधी चटकन ओळखत नाहीत, काही मुलांना या गोळीनंच आतून अस्वस्थपणा येतो, एका जागी बसवत नाही, सारखं येरझाऱ्या, पाय हलवणं. घरच्यांना वाटतं त्रास वाढला, डॉक्टरांना तसंच सांगितलं जातं, मग डोस वाढतो आणि पोर आणखी तळमळतं. म्हणून ‘वाढलंय’ एवढंच सांगू नका, नक्की काय करतो ते सांगा, मोबाइलवर दोन मिनिटांचा व्हिडिओ काढून न्या.

त्यासाठी माझी एक पद्धत आहे, घरातलं कालनिर्णय. गोळी चालू करायच्या आधी दोन आठवडे रोजच्या चौकोनात पेन्सिलीनं लिहायचं, हात चावला तर ‘ह’, डोकं आपटलं तर ‘ड’, दुसऱ्याला मारलं तर ‘म’, जितक्या वेळा तितकी अक्षरं. खाली रात्रीची झोप. आणि त्या दिवशी त्यानं आपणहून काही आनंदानं केलं तर त्याची एक चांदणी. गोळी चालू झाल्यावरही हेच चालू ठेवायचं. ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये म्हटलंय की तीन-चार आठवड्यांनी आढावा घ्या आणि सहा आठवड्यांत ठळक फरक नाही दिसला तर औषध बंद करा. तो फरक आहे की नाही हे तुमचं कालनिर्णयच सांगेल, नाहीतर घरात एक म्हणतं बराय, दुसरं म्हणतं काही नाही, आणि गोळी तशीच वर्षानुवर्षं चालू राहते.

आणि चांदण्या मी मुद्दाम सांगतेय. तुम्ही विचारलंत ना, माझ्या सुटकेसाठी का. ताई, तुमची पण सुटका व्हायला पाहिजे, सासूबाईंचं मनगट मोडलंय, उद्या तुमचं मोडलं तर त्याला अंघोळ कोण घालणार? घरातल्यांना मार न लागणं हा औषधाचा हिशोबातला फायदा आहे, त्यात अपराधी वाटून घेऊ नका. फक्त घर शांत झालं म्हणजे औषध लागू पडलं असं धरायचं नाही. माझ्या मुलाला सांगलीच्या एसटी स्टँडवर गाड्या बघायला आवडतात, कंडक्टरनं डबल बेल मारली की टाचा उचलून दोन्ही हात फडफडवतो, त्याचा जीव की प्राण. एकदा डोस वाढवला तेव्हा मारणं-चावणं अगदी थांबलं, पाहुणे म्हणायला लागले किती गुणी झालाय, आणि हा स्टँडवर माझ्या खांद्यावर मान टाकून बसायचा, बेल वाजली तरी वर बघायचा नाही. मी डॉक्टरांना जाऊन सांगितलं की मला हे नकोय, त्यांनी डोस थोडा खाली आणला, कधीमधी हात चावणं परत आलं पण फडफडणं पण आलं. तेवढं चावणं आम्ही चालवून घेतो. तुमच्या पोराचं असं काय आहे, पाण्यात खेळणं, झोका, कुकरची शिट्टी ऐकणं, जे असेल ते, ते गोळीनंतर टिकलं पाहिजे आणि जमलं तर वाढलं पाहिजे, कारण आतली तगमग कमी झाली की त्यात त्याचं मन लागायला पाहिजे. मारणं नाही आणि चांदण्याही नाहीत, असं पान दिसलं की डोस जास्त आहे असं समजा आणि डॉक्टरांकडं ते पान घेऊनच जा.

गोळीबरोबर शिकवणं पण लागतंच. २००९ साली १२४ मुलांचा एक अभ्यास आला, नुसतं औषध एका गटाला आणि औषध अधिक आईवडिलांना ट्रेनिंग दुसऱ्या गटाला, दुसऱ्या गटाचा त्रास जास्त कमी झाला. तुमच्याकडं आत्ताच करता येण्यासारखं म्हणजे त्याला ‘नको’ म्हणायची सोय द्या. पाणी, संडास, खाऊ यांची चित्रं बरेच जण करतात पण ‘नको’ आणि ‘बास’चं कार्ड कोणी करत नाही, मग नको म्हणायला त्याच्याकडं फक्त दात उरतात. गोळीनं तो जरा निवांत झाला की हे शिकवायला मधे वेळ मिळतो, तो वेळ वाया घालवू नका.

मिस्टरांना आणि सासूबाईंना पुढच्या वेळी मिरजेला बरोबर न्या. तुमच्याकडून ऐकलं की ते तुमचं मत होतं, डॉक्टरांकडून ऐकलं की त्यांना स्वतःचे प्रश्न विचारता येतात. गोळी गिळत नसेल तर हे औषध पातळ पण मिळतं, विचारा. आणि एक आपल्या भागातलं, पावसाळ्यात निदान पंधरा दिवसांचं औषध जास्तीचं घरात ठेवा आणि चिठ्ठीचा फोटो मोबाइलमध्ये. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं तेव्हा रस्ते बंद, दुकानं पाण्यात, आणि एकदम बंद होऊ नये असं औषध ज्यांच्या घरात चालू असतं त्यांनी हे लक्षात ठेवलंच पाहिजे.

पत्र दुसरं (कोरेगाव, जि. सातारा)

ताई, मुलगी ७ वर्षांची, ऑटिझम. रात्री दीड-दोनपर्यंत जागी, घरभर फिरते, हसते, दिवे लावते. मी सकाळच्या शिफ्टला एमआयडीसीत जातो, बायको दिवसभर तिच्यामागं. शेजारी म्हणतात सर्दीचं सिरप दे एक चमचा, झोपेल. मित्रानं मेलाटोनिनच्या गमी ऑनलाइन मागवायला सांगितल्यात. देऊ का?

उत्तर

दादा, सर्दीचं सिरप अजिबात नको. झोपेसाठी ते औषध नाही आणि काही मुलांना त्यानं उलटं होतं, जास्तच उधळतात.

मेलाटोनिन (झोप यायला अंगात तयार होणारं संप्रेरक, तेच औषध म्हणून देतात) चांगलं आहे, ऑटिझमच्या मुलांना लवकर झोप लागायला त्याचा उपयोग होतो हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. लागलेली झोप रात्रभर टिकवायला तेवढा होत नाही. पण गमी मागवू नका, २०२३ मध्ये अमेरिकेत मेलाटोनिनच्या २५ प्रकारच्या गमी तपासल्या तर २२ मध्ये लेबलवर लिहिलेलं आणि आत असलेलं जुळत नव्हतं, एखाद्यात तर तिपटीपेक्षा जास्त. मुलांच्या डॉक्टरांकडून डोस लिहून घ्या, किती वाजता द्यायचं तेही विचारा कारण वेळ चुकली की उपयोग होत नाही.

त्याआधी शाळेतून आल्यावर चार-साडेचारला झोपते का ते बघा, झोपत असेल तर ती झोप बंद करा. संध्याकाळनंतर मोबाइल बंद, तिचा आणि तुमचा पण, ती झोपेपर्यंत. पाय सारखे आपटत असेल तर रक्तातलं लोह तपासायला सांगा, लोह कमी असलं की पायांना चैन पडत नाही. नायट्यासारखं खाजतंय का, जंत झालेत का तेही. आणि दादा, शनिवार-रविवारची रात्र तुम्ही घ्या, वहिनींना दुसऱ्या खोलीत दार लावून झोपू द्या.

पत्र तिसरं (जत तालुका)

मी आजोबा लिहितोय. नातू ९ वर्षांचा, गंभीर ऑटिझम. मोठ्या शहरात एका दवाखान्यात स्टेम सेलचं इंजेक्शन देतात, खर्च काही लाख, म्हणतात पोरगं बोलायला लागेल. माझी दीड एकर डाळिंबाची बाग आहे, विकायची तयारी आहे. जमीन काय, नातवापेक्षा मोठी नाही. सल्ला द्यावा.

उत्तर

काका, विकू नका. तुमचं नातवावरचं प्रेम बघून डोळे भरून आले म्हणूनच इतकं सरळ सांगते. ऑटिझमवर स्टेम सेलचा उपयोग होतो असं सिद्ध झालेलं नाही. आयसीएमआर ही आपल्या देशाची वैद्यकीय संशोधनाची सरकारी संस्था, त्यांच्या २०१७ च्या नियमावलीत रक्ताच्या काही आजारांसोडून बाकी कशासाठीही स्टेम सेल नेहमीचा उपचार म्हणून द्यायला परवानगी नाही, फक्त रीतसर मान्यता घेतलेल्या संशोधनात, आणि संशोधनात भाग घेणाऱ्या पेशंटकडून त्याचे पैसे घ्यायचे नसतात. जो लाखांत पैसे मागतोय तो याच एका गोष्टीवर उघडा पडतो. अंगातलं विष काढतो म्हणून सलाइन लावणारे पण भेटतील, त्यांच्या दारात जाऊ नका, अमेरिकेत २००५ साली पाच वर्षांचं एक ऑटिस्टिक मूल त्यातच दगावलं.

नातवासाठी पैसे आणि पळापळ करायचीच आहे तर सांगते कुठं. दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढलं नसेल तर आधी ते काढा, २०१६ च्या कायद्यात ऑटिझम आहे, नाही म्हणून कोणी परत पाठवलं तर तसं लेखी मागा. मग नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेच्या निरामय योजनेत नाव घाला, वर्षाला एक लाखापर्यंत विमा मिळतो, त्यात ओपीडी, औषधं आणि थेरपीचा पण काही खर्च बसतो. बोलण्याची आणि ऑक्युपेशनल थेरपी जतला मिळत नसेल तर सांगली-मिरजेला महिन्यातून एक-दोनदा न्या आणि तिथं शिकून घरी करा, सून एकटी करणार नाही, तुम्ही पण शिका. आजोबांबरोबर मुलं जास्त वेळ बसतात असा माझा अनुभव आहे.

बागेचं उत्पन्न त्याच्या नावानं वेगळ्या खात्यात टाकता आलं तर टाका. तो १८ चा झाला की नॅशनल ट्रस्टच्या कायद्याखाली कायदेशीर पालक नेमून घ्यायला लागेल, जिल्ह्याला कलेक्टरांच्या अध्यक्षतेखाली समिती असते तिच्याकडं अर्ज करायचा. जमीन पुढं कुणाच्या नावावर, त्याचा खर्च कुणी बघायचा हे मृत्युपत्रात लिहायचं असेल तर वकिलांना आधीच सांगा की नातू ऑटिस्टिक आहे, नुसतं त्याच्या नावावर करून ठेवू नका, आणि वकिलांकडं बसायच्या वेळी सातबारा, त्याचं प्रमाणपत्र आणि मुलगा-सून तिन्ही बरोबर असू द्या.